कोपऱ्यातला संगणक आणि दुपारचा कूलर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या अकोल्याच्या घरी एका दुपारी माझ्या सासऱ्यांना घेरी आली. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू, एरवी प्रकृती ठणठणीत. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा बाबा पलंगाच्या काठावर बसून होते, चेहरा कोरडा आणि लालसर, बोलणे थोडे अडखळत. खोलीतला कूलर बंद होता. खिडकीला ओढलेला जाड पडदा, शेजारच्या मेजावर नातवाचा संगणक चालू, आणि बाहेर पारा चव्वेचाळीसच्या आसपास. ओले पंचे, मीठ-साखरेचे पाणी आणि डॉक्टरांची धावती भेट, एवढ्यावर निभावले. शरीरातले पाणी कमी झाले होते आणि खोली फार तापली होती, असे निदान झाले. “कूलर का लावला नाही?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला मात्र बाबांनी उत्तर दिले नाही.

ते उत्तर आम्हांला दोन दिवसांनी, त्यांच्या उशाखालच्या डायरीत सापडले. बाबा जन्मभर हिशेबनीस होते. एप्रिलचे वीजबिल २८४ युनिटांचे आले होते. नातवाने घरून काम सुरू केल्यापासून बिल वाढले, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. त्यांनी संगणकाच्या पेटीमागे डोकावून पाहिले, तिथल्या पट्टीवर ‘४५० वॅट’ असे वाचले आणि गुणाकार मांडला: ४५० वॅट, रोज दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ११७ युनिटे. पुढे रुपयांत आकडा, पंधराशेच्या वर. नातवाची नोकरी नवी होती. त्याला काही बोलणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. म्हणून त्यांनी त्या खर्चाची भरपाई स्वतःकडून करायला घेतली होती. दुपारी एक ते पाच कूलर बंद.

गुणाकार अचूक होता, पण ज्या आकड्यावर तो उभा होता त्या आकड्याचा अर्थ वेगळा होता. हा घोटाळा केवळ आमच्या घरचा नाही, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

संगणकाच्या पेटीत घरची वीज आत घेऊन तिचे कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा एक डबा असतो. बाजारात त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात. त्याच्यावर लिहिलेले ४५० वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती भार पेलू शकतो याची मर्यादा. पन्नास आसनांच्या एसटीत बारा प्रवासी असले तर ती बारांनाच घेऊन जाते, तसेच हे. पत्रव्यवहार, हिशेब, दूरस्थ बैठका अशी कामे करणारा साधा संगणक पडद्यासह साधारण साठ ते शंभर वॅट खेचतो. लॅपटॉपचे भागते वीस ते चाळीस वॅटमध्ये. याउलट, चित्रमय खेळांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले यंत्र खेळ रंगात आला की तीनशे-चारशे वॅटपर्यंत सहज जाते. तेच यंत्र नुसती बातमी वाचताना त्याच्या चौथाईवर येते. म्हणजे ‘संगणकाला किती वीज लागते?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणता संगणक आणि त्यावर कोणते काम, हे आधी सांगावे लागते.

मग आपल्या घरचे उत्तर कसे काढायचे? बाजारात प्लगमध्ये बसवण्याची लहान मापके मिळतात, ती सोयीची आहेत. आम्ही मात्र दारातल्या मीटरचाच उपयोग केला. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काही मीटरांवर तो १६०० किंवा अन्य काही असतो. अर्थ सरळ आहे: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे एक हजार वॅट एक तास चालवण्याइतकी वीज, खर्ची पडली. ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांत जितक्या लुकलुकी मोजाल त्यांना १.८७५ ने गुणले की वॅट मिळतात. मीटर उघडायचा नाही, त्याच्या सीलला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. घरात प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असेल तर हा खेळ करूच नये, कारण त्यासाठी बाकी सर्व उपकरणे अर्धा तास बंद ठेवावी लागतात.

एका रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, आम्ही हा प्रयोग केला. फ्रिजसुद्धा अर्धा तास बंद. बाबा खुर्ची टाकून मीटरसमोर बसले, हातात घड्याळ आणि कागद. आधी सर्व काही बंद असताना दिवा लुकलुकत नाही याची खात्री केली. मग नातवाने संगणक सुरू करून नेहमीचे काम चालवले. दहा मिनिटांत ६२ लुकलुकी, म्हणजे ११६ वॅट. आता त्याने संगणक रीतसर बंद केला, पडदा काळा झाला, पण भिंतीवरचे बटण तसेच राहू दिले. आम्हां सर्वांची अपेक्षा होती की दिवा थांबेल.

दिवा थांबला नाही. दहा मिनिटांत १७ लुकलुकी. ३२ वॅट.

“बंद आहे ना रे तो?” बाबांनी विचारले.

“बंदच आहे, आबा.”

“मग हे कोण खातं?”

खाणारे बरेच होते. एकेक वायर काढत गेलो तेव्हा यादी अशी झाली: विद्युतघट भरून ठेवणारा यूपीएस १४ वॅट, इंटरनेटचा राउटर ९, कधीच बंद न होणारे ध्वनिवर्धक ४, छपाईयंत्र ३ आणि ‘बंद’ केलेला संगणक-पडदा मिळून २. मोजणी घड्याळ-कागदाची, त्यामुळे एखाद्या वॅटचा फरक असेलच. पण चित्र स्पष्ट होते. प्रत्यक्ष संगणक आणि पडदा काम करताना ८४ वॅट घेत होते. दिवसाला दहा तास, सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला २२ युनिटे. आणि त्याच्याभोवतीचा परिवार ३२ वॅटने चोवीस तास, तीस दिवस चालून २३ युनिटे. जो काम करतो त्याच्याइतकेच, किंबहुना किंचित अधिक, त्याच्या सोबत बसणारे खात होते.

अर्थात न्याय करायचा तर या २३ युनिटांतली आठेक युनिटे कामाच्या वेळेतली, म्हणजे रास्त खर्चाची. उरलेली पंधरा मात्र रात्री, सुटीच्या दिवशी, सगळे झोपले असताना गेलेली.

बाबांनी डायरी उघडून जुने ११७ खोडले आणि ४५ लिहिले. मग त्यांनी कूलरही मोजायला लावला. तो निघाला १८० वॅटचा. दुपारचे चार तास, तीस दिवस: २२ युनिटे. दोन आकडे कागदावर एकाखाली एक आले, तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही. दुपारभर घामाघूम बसून त्यांनी जे वाचवले होते, जवळजवळ तेवढेच त्या कोपऱ्यातल्या हिरव्या-निळ्या दिव्यांच्या उपकरणांनी संपवले होते.

युनिटाचा भाव कोणता धरायचा?

इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळ घरांत चुकतो. महाराष्ट्रातल्या घरगुती वीजबिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली शंभर युनिटे, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळपास दुप्पट असतो. त्यावर प्रत्येक युनिटामागे वहन आकार, आणि एकूण रकमेवर सोळा टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा, तो वापर कमी केला म्हणून कमी होत नाही. म्हणून एखादे उपकरण कमी वापरले तर किती पैसे वाचतील हे पाहताना बिलाची रक्कम भागिले युनिटे असा सरासरी भाव काढणे चूक आहे. वाचतात ती वरच्या टप्प्यातली, महाग युनिटे. आमच्या त्या बिलावर शेवटच्या युनिटाचा भाव शुल्कासह सुमारे तेरा रुपये पडत होता. त्या हिशेबाने संगणकाचा महिन्याचा खर्च २८६ रुपये आणि त्याच्या परिवाराचा २९९.

उलट दिशेचा एक गैरसमजही तितकाच रूढ आहे. तीनशेच्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, या धास्तीने महिनाअखेरीस म्हाताऱ्यांचे पंखे बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. तसे होत नाही. तीनशे पाच युनिटे झाली तर वरचा दर फक्त त्या पाच युनिटांना लागतो.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी तर निश्चिंत असावे. पंचवीस वॅटचा लॅपटॉप दहा तास, सव्वीस दिवस चालवून साडेसहा युनिटे होतात. खेळांच्या यंत्राची गोष्ट निराळी. साडेतीनशे वॅट, रोज चार तास, महिनाभर, म्हणजे ४२ युनिटे, साडेपाचशे रुपयांच्या घरात. अर्थात कुमारवयीन मुलाने रोज चार तास खेळण्यात बिलापेक्षा मोठा खर्च दुसराच असतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

खोलीतला आणखी एक माणूस

संगणकाने घेतलेली वीज जाते कुठे? पडद्यावरची अक्षरे, पंख्याची घरघर, चिपमधली गणिते, या सगळ्यांचा शेवट उष्णतेत होतो. ११६ वॅट घेणारा कोपरा खोलीत ११६ वॅटची उष्णता सोडतो. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे बंद खोलीत संगणक चालू असणे हे आणखी एक माणूस दिवसभर बसून असण्यासारखे आहे. डिसेंबरात ते जाणवत नाही. मे महिन्यात, पडदे ओढलेल्या आणि कूलर बंद असलेल्या खोलीत, तो माणूस जड होतो. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांना ही उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागते, ढोबळ मानाने संगणकाच्या विजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

वृद्धांच्या बाबतीत हा हिशेब केवळ आरामाचा राहत नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि शरीर तापल्याचे शरीरालाच उशिरा कळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणि क्षार आणखी घटतात. त्यात एक गोष्ट विदर्भ-खानदेशात आवर्जून ध्यानी ठेवायला हवी: खोलीतली हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा पुरत नाही, तो गरम हवाच अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्या तापमानावर पंख्याच्या भरवशावर राहू नये असे सांगते. अशा वेळी ओला पंचा, अंगावर पाण्याचा शिडकावा, किंवा कोरड्या हवेत उत्तम चालणारा कूलर, हेच खरे उपाय. कूलरसाठी एखादी खिडकी किलकिली हवी, नाहीतर खोली दमट होऊन तो निरुपयोगी ठरतो. बाबांनी बंद केलेली वस्तू त्या दुपारी चैनीची नव्हती, ती औषधाच्या जातीची होती.

आम्ही पहिली गोष्ट केली ती संगणक त्यांच्या खोलीतून हलवला. नातू आता जिन्याखालच्या जागेत बसतो. जागा अरुंद आहे, पण उत्तरेची आहे.

वायरी काढता-घालताना दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लागला की मुंग्या येत. नातू म्हणाला, “आई, हे नेहमीचंच आहे, सगळ्यांकडे येतात.” येत असतील, पण त्याचा अर्थ बरा नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि ते पेटीच्या पत्र्याला जोडलेले असतात. घराला अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी क्षीण प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर घरच्या विजेच्या निम्मा दाब उभा राहतो आणि आपण त्याला वाट करून देतो, त्याच त्या मुंग्या. तेवढ्या प्रवाहाने जीव जात नाही. पण उद्या आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली तर वाचवणारे काहीच नाही, असा त्याचा सरळ अर्थ. प्लगचा तिसरा, जाड पाय मोडून टाकणे किंवा तीन पायांचा प्लग दोन पायांच्या अडॅप्टरमध्ये बसवणे हे म्हणूनच धोक्याचे. आमच्याकडे वायरमनने पाहिले तर अर्थिंगची तार अंगणातल्या पट्टीपासून गंजून तुटलेली होती. ती दुरुस्त केली, आणि मुख्य फळीवर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवला. गळती झाली की तो वीज तत्काळ तोडतो. त्याला आलेला खर्च संगणकाच्या वर्षाच्या विजेहून अधिक होता आणि तो मला मुळीच जड वाटला नाही.

काय बदलले

बचतीचे उपाय फार नाहीत आणि कठीणही नाहीत. यूपीएस, ध्वनिवर्धक, छपाईयंत्र आणि पडदा एका बटणाच्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणले. काम संपले की आधी संगणक रीतसर बंद, मग यूपीएसचे बटण, मग भिंतीवरचे. छपाईयंत्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावे, नाहीतर शाईची तोंडे उघडी राहून वाळतात. यूपीएस रोज रात्री बंद ठेवल्याने घटाचे नुकसान होत नाही. महिनोन्महिने रिकामा ठेवला तर होते. हा घट शिशाचा असतो, दोन-चार वर्षांत निकामी होतो, आणि तेव्हा तो भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ नये. नवा घेताना जुना दुकानदाराला परत द्यावा. २०२२ च्या घट-कचरा नियमांनी तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि भंगाराच्या वस्तीतही मुले असतात.

राउटर वेगळ्या बटणावर ठेवला, रात्री अकरा ते सकाळी सहा बंद. वाचतात दोनच युनिटे. पण पहिल्या आठवड्यात घरातले तीन मोबाइल अकरानंतर गप्प झाले आणि माझी स्वतःची झोप सुधारली, हे मी नमूद करून ठेवते. मोबाइलचा डेटा वापरून हा नियम मोडता येतो हे नातवाला ठाऊक आहे. मलाही.

पडद्याची प्रखरता पूर्ण होती ती निम्म्याच्या जरा वर आणली. आठ वॅट कमी झाले, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरण्याची त्याची तक्रारही कमी झाली. पडद्याच्या शेजारी पांढरा कागद धरून पाहावे. पडदा दिव्यासारखा झगमगत असेल तर तो जास्त आहे, कागदासारखा दिसला की पुरे. डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात म्हणून. दर वीस मिनिटांनी दूर पाहण्याला पर्याय नाहीच. काळी पार्श्वभूमी ठेवल्याने वीज वाचते ही समजूत ओएलइडी पडद्यांपुरती खरी. साध्या एलसीडी पडद्यामागचा दिवा पांढऱ्या-काळ्या दोहोंसाठी सारखाच जळत राहतो. पडद्यावर मासे पोहत राहतात ती जुनी ‘स्क्रीन सेव्हर’ युक्ती तर एकेकाळच्या काचेच्या जाडजूड पडद्यांवर डाग पडू नयेत म्हणून होती. तिने वीज कधीच वाचली नाही.

जेवणाच्या आणि चहाच्या दीड तासात संगणक आता झोपेच्या अवस्थेत जातो. दोन-तीन वॅटवर तो निद्रिस्त राहतो आणि क्षणात जागा होतो. ‘पुन्हा सुरू करताना जास्त वीज लागते’ म्हणून दिवसभर चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. सुरू होण्याच्या मिनिटभरात जाते ती वीज नेहमीच्या कामाच्या दोन-तीन मिनिटांइतकी.

नवे यंत्र घेणाऱ्यांसाठी एकच सूचना. एसएमपीएसवर ‘८० प्लस’ ही खूण पाहावी. ती २००४ पासून वापरात आहे. आत घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के कामाला येते, वीस टक्क्यांहून अधिक वाटेतच उष्णता होऊन जात नाही, असा तिचा अर्थ. आणि ग्राफिक्सचे काम नसेल तर दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून मोठे कार्ड बसवू नये. ते विकत घेताना एकदा आणि नंतर दर महिन्याला पैसे घेते.

पुढच्या महिन्याच्या शेवटी बाबांनी जमाखर्च मांडला. बटणाच्या बोर्डाने आणि रात्रीच्या राउटरने साडेबारा युनिटे, प्रखरतेने दोन, दुपारच्या झोपेने सव्वातीन. सगळी मिळून अठरा. कूलरची होती बावीस. त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. “चार युनिटं कमी पडतात, सूनबाई.”

“ती माझ्याकडे लावा,” मी म्हटले.

त्यांनी डायरीत तसे लिहिले. कूलर त्या दुपारी एक वाजताच लागला होता.